केळं म्हणून दाखवा

चहावाल्याला मी अटक केली ती पाण्यात दूध घातल्याच्या आरोपावरून.

दुधात पाणी घालणारे पुष्कळ पाहिले, मी बाकावर काठी आपटून म्हणालो, पण पाण्यात दूध घालायचा परवाना तुला दिला कुणी? चल, हात पुढे कर. त्यानं हसत हसत हात पुढे केले. पडद्याच्या कड्यांपासून केलेल्या बेड्या मी त्याच्या मनगटांत अडकवल्या आणि टपरीवरची सगळी मंडळी खुशीत आली. कुणीतरी म्हणालं, साहेब, याच्या भज्यांवर पण केस करा. मी एक भजं उचललं, कानाशी नेऊन त्याचा जबाब घेतला आणि पुरावा म्हणून खाऊन टाकलं.

रावेरच्या बाजूला केळीचा पट्टा आहे, तिथल्या पिंपळदरी गावातली ही गोष्ट. आता गुडघे गेले, फिरणं सुटलं, पण तेव्हा मी पायाला भिंगरी लावल्यासारखा हिंडायचो. आम्ही बहुरूपी. सोंग घ्यायचं, गावाला हसवायचं, मग सोंग उघडं करून हात पुढे करायचा आणि लोक खुशीनं देतील ते घेऊन पुढच्या गावाला लागायचं. माझ्याकडे फौजदाराचं सोंग होतं. खाकी कपडे रंगवून घेतलेले, पिस्तूल लाकडाचं, छातीवरचा बिल्ला तुपाच्या डब्याच्या झाकणाचा. खरी म्हणावी अशी एक शिट्टी तेवढी होती. गुलाब शेगर हे माझं नाव, पण त्या कपड्यांत मी फौजदार गुलाबराव असायचो आणि कुणाला कशावरून धरीन याचा नेम नसायचा.

तर भज्याचा जबाब आटोपून मी मान वर केली, तेव्हा पलीकडच्या बाकावरचा एक माणूस उठून ताठ उभा राहिला होता. पांढरा सदरा, जाड भिंगाचा चष्मा, काखेत वर्तमानपत्राची घडी. त्यानं मला सलाम केला. चेष्टेतला नव्हे. अगदी खरा, कडक सलाम.

मला तर गुदगुल्याच झाल्या. माझा बाप जन्मभर फौजदार होऊन हिंडला, पण त्याला खरा सलाम कधी मिळाला नाही. मी टोपी सारखी केली आणि उलट सलाम ठोकला.

"साहेब, आपण आलात, फार बरं झालं," तो माणूस म्हणाला. "मी मधुसूदन वाघुळदे. गावात घुसखोर राहताहेत म्हणून मी केव्हापासून कळवतो आहे. कुणी दखलच घेत नव्हतं."

चहावाला बेड्यांसकट माझ्याकडे बघत होता आणि त्याचे गाल आतून फुगत चालले होते. मागं कुणाला तरी ठसका लागला. एकानंही तोंड उघडलं नाही. मधुनाना वाघुळदे सगळी नोकरी पुण्यात करून नुकतेच गावी राहायला आले होते, हे मला नंतर कळलं. बहुरूपी हा प्रकार त्यांच्या डोक्यातून पार पुसला गेला होता आणि चष्म्याचा नंबरही बदलायला झाला होता. असं फुकटचं नाटक मोडायला गाव काही खुळं नव्हतं.

घुसखोरांबद्दल साहेबांचं काय मत आहे, असं त्यांनी मला विचारलं. त्या वर्षी जावं त्या गावात हाच विषय होता. सीमेपलीकडून माणसं चोरून येतात, शेतात मजूर म्हणून राहतात, म्हणे. मी रस्त्यावरचा माणूस, आणि माझं मतही रस्त्यासारखंच होतं, गाव येईल तसं वळायचं. ज्या गावाला मजूर हवे असत तिथं मी म्हणायचो, बिचारे पोटासाठी येतात. ज्या गावाला राग असे तिथं म्हणायचो, एकेकाला हुडकून हाकला. इथं समोर मधुनाना होते, तेव्हा मी आवाज चढवला. शेतात तण आणि देशात घुसखोर, दोन्ही मुळासकट उपटले पाहिजेत, असं काहीतरी बोललो. मधुनानांचे डोळे भरून आले. बहुधा गावात आल्यापासून त्यांचं बोलणं इतकं मनावर घेणारा मीच पहिला भेटलो होतो.

"मग चला साहेब," ते म्हणाले. "आत्ताच दाखवतो."

असं बाहेर पडायची माझी काही तयारी नव्हती. पण त्यांनी स्कूटर काढली, आणि फौजदारानं मागं कसं सरायचं? चहावाल्याच्या बेड्या सोडवायच्या राहून गेल्या. तो तसाच सायकलवर टांग टाकून आमच्या मागं निघाला, आणि त्याच्या मागं टपरीवरचं अख्खं गिऱ्हाईक.

मळा द्वारकामाय फिरके यांचा होता. साठी उलटलेली बाई, कपाळभर कुंकू, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातला बैल थांबावा. कडुलिंबाखाली पत्र्याची शेड होती. तिथं केळीच्या फण्या धुऊन, पुसून खोक्यांत भरायचं काम चालू होतं. शेजारी ट्रक लागलेला. भरणारी टोळी बाहेरून आणलेली होती, कारण डाग न पाडता फणी खोक्यात बसवायची कला त्यांना साधलेली होती. मधुनाना म्हणत होते ते घुसखोर हेच.

द्वारकामायनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग जवळ येऊन बिल्ल्यावर बोट आपटलं आणि हळूच विचारलं, "हे झाकन कोन्त्या तुपाचं हाये, बाप्पा?"

मी खाकरलो. ती मधुनानांकडे वळली आणि त्या दोघांची जी जुंपली ती जुंपलीच. मध्या, तुह्या डोक्यात वारं गेलं का, ट्रक उभा हाये, असं ती म्हणत होती, आणि मधुनाना तिला देशाची सीमा समजावून सांगत होते. टोळी त्या वेळी आणखी घड उतरवायला मागं बागेत गेली होती. आपण तोवर पाहणी करतो, असं मी रुबाबात सांगितलं आणि तिथून सटकलो. बागेतून पलीकडच्या रस्त्याला लागायचं आणि गाव सोडायचं, असा माझा साधा बेत होता.

केळीच्या बागेत शिरलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं. पायाखाली ओल, डोक्यावर हिरवं छत. मी चार ओळी ओलांडल्या असतील आणि सवयीनं शिट्टी वाजवली. ती वाजवायला नको होती. समोरची सगळी टोळी बघता बघता गायब झाली. नीट पाहिलं तर वाळलेल्या पानांच्या ढिगांखालून पाय बाहेर आलेले, आणि एक जण तर डोक्यावर केळीचं पान धरून झाड होऊन उभा होता. सोंग म्हणून वाईट नव्हतं, फक्त झाडाला मिशा होत्या.

तोच त्यांचा मुकादम निघाला. नीलांबर त्याचं नाव. पान टाकून तो सरळ माझ्या पायाशी बसला आणि मी काही विचारायच्या आत मोडक्यातोडक्या मराठीत आणि हिंदीत सगळं सांगून मोकळा झाला. ते सगळे ओडिशाचे होते. पुरुषांचे कागद होते. पण त्याची बायको, शेफाली, तिच्या आईनं तिला लहानपणी सीमेवरच्या नदीपलीकडून आणलेलं. आई वारली. तिचा कागद कुठलाच नाही. तिची बोली निराळी पडते, म्हणून परक्या माणसासमोर ती तोंडच उघडत नाही. ओळखलं तर तिला पलीकडे धाडतील, आणि पलीकडे तिचं कुणी उरलेलं नाही.

"साब, मला घेऊन जाव," तो म्हणाला. "घुसखोर मी आहे असं लिहा. तिला सोडा."

त्याच्या मागं पानांच्या ढिगातून एक बाई उठली. केसांत वाळका पाला, हातात कोयता, आणि चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलेलं. आजवर माझ्या फौजदाराला लोकांनी कोंबडीचोरी कबूल केली होती, बायकोचा मार कबूल केला होता, पण असं खरं काही कुणी त्याच्या हवाली केलं नव्हतं.

मी म्हणालो, अरे बाबा, मी पोलीस नाही. त्याला वाटलं मी आणखी काही मागतोय. त्यानं खिसा उलटा करून दाखवला. मी सांगत होतो की मी बहुरूपी आहे, सोंग आहे हे, आणि तो मान हलवून हो साब, हो साब करत होता. साध्या वेशातला पोलीस त्याला माहीत होता, पोलिसाच्या वेशातला साधा माणूस काही केल्या त्याच्या पचनी पडेना. शेवटी मी पिस्तूल काढून त्याच्या पुढ्यात धरलं, तर तो डोळे मिटून देवाचं नाव घेऊ लागला.

शेफालीनं मात्र पुढे होऊन ते पिस्तूल बोटानं खरवडलं. काळा रंग तिच्या नखात आला. खालचं लाकूड दिसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, झाकणाच्या बिल्ल्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली की कोयता गळून पडला. हसता हसता डोळ्यांतून पाणीही येत होतं. आवाज मात्र तिनं बाहेर येऊ दिला नाही.

मी तिला खूण केली की घाबरू नको, मी निस्तरतो. कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मधुनानांची हाक आली, "साहेब, सगळ्यांना शेडपाशी आणा. ओळखपरेड घेऊ."

शेडपाशी आता अर्धं गाव जमलं होतं. कुणी ट्रकच्या टपावर, कुणी खोक्यांवर. चहावाला पुढेच बसला होता, बेड्या मांडीवर घेऊन. टोळीतल्या पुरुषांनी आपापली ओळखपत्रं काढून धरली. मधुनानांनी ती हातात घेऊनही पाहिली नाहीत.

"साहेब, आजकाल कागद काय, कुणीही करून घेतो," ते म्हणाले. "माणूस बोलण्यावरून ओळखावा."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. गावोगाव हिंडणाऱ्याचे कान तयार होतात. ओडिशाची माणसं मी रस्त्यावर पुष्कळ ऐकली होती. ती केळ्याला कदळी म्हणतात, आणि त्यातला ळ असा स्वच्छ म्हणतात की आपल्या शाळामास्तरनं ऐकत राहावं. उलट या केळीच्या पट्ट्यातली माणसं! त्यांच्या तोंडात ळ टिकतच नाही, त्याचा य होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. गाव पिंपळदरी, पण गावात तिला पिंपयदरीच म्हणतात.

मी फणीतलं एक केळं तोडलं आणि उंच धरलं. सीमेपलीकडच्यांच्या भाषेत ळ नाही, मी जाहीर केलं. ज्याला ळ म्हणता येईल तो आपला, ज्याला येणार नाही तो घुसखोर. हे काय आहे ते प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं.

मधुनाना तर खूशच झाले. पुण्यात राहून त्यांचा ळ कमावलेला होता. नमुना म्हणून त्यांनीच आधी छाती पुढे काढून म्हटलं, "केळं." असा दणदणीत ळ की ट्रकचा पत्रा वाजल्यासारखं वाटलं. मी त्यांना भारताचे नागरिक म्हणून उजव्या बाजूला उभं केलं.

मग नीलांबर. त्यानं केळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "केळ." ळ अगदी चोख. त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा, आणि तो मिशांचं झाड झालेलासुद्धा, सगळे केळ, केळ म्हणत उजवीकडे जाऊन मधुनानांच्या शेजारी उभे राहिले. मधुनाना जरा बावरले. परीक्षा सोपी झाली असावी, असं म्हणाले.

"कायदा सगळ्यांना सारखा," मी म्हटलं आणि चहावाल्याकडे केळं वळवलं. "तू सांग."

"केय," चहावाला म्हणाला.

मी शिट्टी फुंकली. "घुसखोर! डावीकडे."

मग जो धुमाकूळ झाला तो काय सांगू. ट्रकवाला केय म्हणाला, डावीकडे. सरपंचाचा धाकटा भाऊ मुद्दाम सावकाश, ओठ आवळून म्हणाला, के... के... य, आणि स्वतःच कपाळाला हात लावून डावीकडे गेला. पोरी एकमेकींना ढकलत पुढे येत, केय म्हणत आणि पळत सुटत. माझी शिट्टी थांबेना. हसून हसून लोक खोक्यांवरून घसरत होते. पिंपळदरीची चांगली जुनी, सातबाऱ्यावर नाव असलेली घराणी सगळी डावीकडे, आणि उजवीकडे ओडिशाची टोळी आणि मधोमध मधुनाना. द्वारकामाय तर काही विचारायच्या आधीच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी लगीन होऊन आली तवापासून केयच लावते अन् केयच खाते. ने मले कुठी न्याचं तं."

माझं काम झालं होतं. सगळं हसण्यावारी नेलं होतं. आता टोपी काढायची, हात पुढे करायचा आणि निघायचं, असा मी विचार केला.

"साहेब," मधुनाना म्हणाले, "ती एक राहिली."

खोक्यांच्या थप्पीआड शेफाली पाठमोरी बसली होती. मी म्हणालो, बायकांची चौकशी पुरुष फौजदारानं करायची नाही, तसा नियम आहे. पण आत्ता आत्ता मी गावातल्या पोरींना डावीकडे धाडलं होतं, आणि मधुनाना हिशेबाचे पक्के. "कायदा सगळ्यांना सारखा, आपणच म्हणालात," ते म्हणाले. माझ्या हातातलं केळं जड झालं. टोळीला सोडवायला जो ळ मी शोधून काढला होता, तोच हिला अडकवणार होता. आणि ती ळ चुकवील, एवढंच नव्हे. ती आपल्या बोलीत काहीतरी भलतंच म्हणेल, आणि ते भलतं मधुनाना वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं पाठ करून ठेवतील. नीलांबर माझ्याकडे बघत होता. त्याच्या लेखी मी अजूनही फौजदारच होतो.

शेफाली उठली. हात लुगड्याला पुसले. पुढे आली आणि माझ्या हातातल्या केळ्याकडे नाही, द्वारकामायकडे बघत म्हणाली,

"केय. द्वारकामायचं केय हाये हे."

हेल, नाकातला तो आवाज, शेवटचं हाये, सगळं जसंच्या तसं. मळ्यातल्या बायकांच्या शेजारी बसून फण्या पुसता पुसता ती जे मराठी शिकली होती ते असं शिकली होती. मग हास्याचा जो लोंढा उठला त्यात माझी शिट्टी कुणाला ऐकू आली नाही. द्वारकामायनं तिचा हात धरला आणि ओढत डावीकडे नेऊन आपल्या पंगतीला उभं केलं.

"हे तं आपलीच निघाली व माय," ती म्हणाली.

मधुनाना हसले नाहीत. ते माझ्या जवळ आले, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, साहेब, गंमत पुरे झाली. ही पोपटपंची आहे. या बाईचा एक तरी कागद मागा, आणि नसेल तर हिला आत्ताच्या आत्ता ठाण्यावर घेऊन चला, मी साक्षीला येतो. ते तिच्याकडे असे रोखून बघत होते की त्यांना सगळं उमगलं आहे हे मला कळून चुकलं. ठाण्यावर नेऊन मी तिला कुठं बसवणार होतो?

मी टोपी काढली.

"नाना, मी बहुरूपी आहे," मी म्हणालो. "गुलाब शेगर. पिस्तूल लाकडाचं आहे. कुणाला धरायचा मला अधिकार नाही, आणि असता तरी हिला धरलं नसतं."

मधुनानांनी बिल्ला हातात घेऊन उलटा केला. आतल्या बाजूला तुपाच्या कंपनीचं चित्र होतं. त्यांनी गावाकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून काय चाललं होतं ते त्यांच्या ध्यानात आलं. मान आधी लाल झाली, मग चेहरा. एवढा अपमान त्या माणसाचा पुण्यातही झाला नसेल. मला वाईट वाटलं, पण भीती त्याहून जास्त वाटली, कारण आता खरे पोलीस यायला त्यांच्या एका फोनचाच अवकाश होता. शेफालीनं द्वारकामायचा पदर मुठीत धरला.

मधुनानांनी खिशातून फोन काढला.

"हसा," ते ओरडले. "सगळे मिळून हसा. एकेकाला बघतो. मी आत्ताच्या आत्ता वरती कयवतो!"



मधुनानांचं बोट फोनवरच थांबलं. त्यांनी स्वतःचं ऐकलं होतं. गावानंही ऐकलं होतं, पण कसा कोण जाणे, एकही जण हसला नाही. चहावाल्यानं मान खाली घातली. मधुनाना ओठ हलवून बघत होते, आता तोंडातून निघालं ते आपलंच का म्हणून. कळवतो, असं त्यांनी हळूच पुटपुटून पाहिलं असावं. मग ते एका खोक्यावर बसले, एकदम म्हातारे दिसायला लागले.

"पुण्यात मले केयवाला म्हनत," ते म्हणाले. कुणाला सांगत होते ते कळत नव्हतं. "साहेब बोलवे, चारचौघांत केळं म्हनाले लावे, अन् सारे हासत. तीस वर्सं जीभ वयवली म्या. घरी आल्यावर मायसंगं बी तसंच बोलत जाऊ. माय म्हने, मधू, तू आता पाव्हन्यावानी बोलतो."

द्वारकामाय पुढे झाली. मधुनानांनी चष्मा काढला आणि शेफालीकडे पाहिलं. तिच्या मुठीत पदर तसाच होता.

"कुठी शिकली हे बोलनं?" त्यांनी विचारलं.

"अठीच," शेफाली म्हणाली. "मयात."

मळ्याचा मया झाला होता. मधुनानांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. फोन त्यांनी खिशात घातला, तो नीट आत जाईना म्हणून दोनदा घालावा लागला.

"माही माय अशीच म्हने," ते म्हणाले. "मयात."

मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, ट्रककडे पाहिलं आणि जरा चिडूनच म्हणाले, "जा बई, उभी काय राह्यली? केयं भराची हायेत अजून."